जुंपल्यावरच खाणारा घोडा

गोंदिया स्टेशनवर मी टांगा हाकायचो. इंजिनाच्या शिट्टीला घोडा बिचकतो, म्हणून त्याला घरी मोकळा सोडूनच खाऊ घालायचो. चणे भिजवले, गूळ दिला, मिलचा कोंडा कालवला; बेटा नुसता हुंगून तोंड फिरवायचा. बरगड्या वर आल्या.

"काऊन खाऊन नाही राहिला रे बापा?" म्हणत बायको रडायची.

एका दुपारी स्टेशनवर वैतागून मी जुंपलेल्या घोड्याच्याच तोंडाला चण्यांचा तोबरा बांधला. "खा, नाही तर मर!" म्हणालो. त्यानं सगळा फस्त केला. घरी सोडला, की पुन्हा उपास.

मग काय करणार? दिवसभर राबलेल्या त्या जिवाला चार घास जावेत म्हणून संध्याकाळी अंगणात मी त्याला पुन्हा रिकाम्या टांग्याला जुंपायचो.