सतरा नंबरचा खोपा

आमचे सर एकदा बसले की त्यांचं झाड व्हायचं. मी थापा मारत नाही. म्हणजे मारतो, उभ्या उल्हासनगरात त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण आत्ता नाही. जांभूळ गावाबाहेरच्या विहिरीवर गोणपाट टाकून ते असे स्थिर बसत की एकदा एक चतुर त्यांच्या चष्म्याच्या काडीवर दुपारची झोप काढून गेला. दुसऱ्यांदा एका शेळीने त्यांच्या सदऱ्याची बाही मनगटापासून कोपरापर्यंत खाल्ली. सर हलले नाहीत. शेळी गेल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, "शेळी. सात मिनिटे."

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात सर प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि मी प्लांटवर ऑपरेटर. सोमवार ते शनिवार ते रंग तपासत आणि रविवारी सुगरण पक्षी. विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या झाडांना लटकणाऱ्या प्रत्येक खोप्याला त्यांनी नंबर दिला होता. कॅन्टीनने त्यांचं नाव 'खोपेसाहेब' ठेवलं. गेटवरच्या नव्या वॉचमनने तर हजेरीच्या वहीत 'श्री. खोपे' असंच लिहिलं, आणि सर महिनाभर त्यापुढे निमूट सही करत राहिले. "माणूस तोच आहे ना? मग झालं," म्हणाले.

त्यांचा अभ्यास साधा होता: मादी कोणता खोपा पसंत करते आणि का. सुगरणीचा नर अर्धाच खोपा विणतो आणि माद्यांना दाखवतो. शेजारच्या बदलापूरला तेव्हा बिल्डर अर्धी इमारत उभी करून गिऱ्हाइकं फिरवत, तसंच. पसंत पडला तर पुढचं बांधकाम. एकदा मादीने अंडी घातली की हा पठ्ठ्या दुसरा खोपा विणायला मोकळा. पिल्लं बहुधा तिनेच एकटीने वाढवायची.

मी त्यांच्या हाताखाली आलो तो माझ्या जिभेमुळे. "शहाडच्या पुलावर उभं राहून मला विठ्ठलवाडी स्टेशनचं घड्याळ दिसतं," असं मी कॅन्टीनमध्ये ठोकून दिलं होतं. सर मागच्या टेबलावर होते. म्हणाले, "म्हात्रे, मग तुला सुगरण दिसेलच. ये रविवारी." मी आमच्या उल्हासनगर कॅम्पातल्या सिंधी दुकानदाराकडून दुर्बीण आणली. वर 'जपान' छापलेलं आणि माल उल्हासनगरचा. एका डोळ्याने जवळचं दिसे, दुसऱ्याने काळोख. दुकानदार म्हणाला, "साईं, दोनो आँख से देखोगे तो चिड़िया डबल दिखेगी. फायदे में हो." सरांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि स्वतःची मला दिली.

त्यांचा नियम एकच. दर पाच मिनिटांनी एक ओळ. "पाहिलंस तेवढंच लिही. समजलं ते घरी ने." आणि काही घडलं नाही, तर 'काही नाही' असं लिहायचं. "पक्षी काही करत नाही, हीसुद्धा माहिती आहे, म्हात्रे." विहिरीची मालकीण म्हातारी दर रविवारी विचारायची, "काय सायेब, पाखरांना रेशन कार्ड देता का काय?" सर गंभीरपणे सांगायचे, "अजून अर्जच भरतोय, आजी."

आता खरी गोष्ट. ही मी पानाच्या गादीवर कधी सांगितलेली नाही.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. एका रविवारी सतरा नंबरच्या खोप्यातली मादी नाहीशी झाली. आत पिल्लं ओरडत होती. सरांचा चेहरा उतरला. त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती, म्हणजे सकाळ मोकळी. "म्हात्रे, रोज येशील? पुढे काय होतं ते बघायला हवं." सोमवारी मी तीन तास बसलो. छत्तीस ओळी. छत्तीस वेळा 'काही नाही'. मंगळवारी खोप्यातला आवाज बंद झाला. पुन्हा 'काही नाही', 'काही नाही'. अहो, माझ्यासारख्या माणसाला तो कोरडा रकाना बघवेना. शेजारच्या लग्नातली दोन भांडणं मी सात करून सांगणारा! शिवाय सरांना हे दाखवायचं कसं, ती पिल्लं मेली हे सांगायचं कसं, हेही होतंच. निदान तेव्हा मी स्वतःला तसं समजावलं.

मी लिहिलं: "नर आला. चोचीत टोळ. आत गेला. रिकाम्या चोचीने बाहेर." बुधवारी नर चार वेळा आला. गुरुवारी पिल्लाची मान दिसली. शुक्रवारी दोन पिल्लं उडाली, तीही वेळेसकट. शनिवारच्या वाऱ्याने खोपा तुटून विहिरीत पडला. पुरावा बुडाला, आणि मला चक्क हायसं वाटलं.

रविवारी सरांनी वही वाचली. दोनदा वाचली. "तू पाहिलंस?"

"या डोळ्यांनी, सर."

एकट्या नराने पिल्लं वाढवून उडवली, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, कुठे वाचलंही नव्हतं. सोमवारी अख्ख्या लॅबला जिलबी. पुढे त्यांनी एका पक्षी-नियतकालिकाकडे टिपण धाडलं. छापून आलं ते काडेपेटीएवढं, पण शेवटच्या ओळीत आभार होते माझे, पूर्ण नावानिशी. ते कात्रण मी पासाच्या पाकिटात ठेवून अंबरनाथ ते उल्हासनगर कुणाकुणाला दाखवलं नाही ते विचारा.

आणि सर? ते तीच गोष्ट स्वतः बघायला बसले. दोन पावसाळे. सगळी रजा त्यात घातली. एरवी नोंदी सगळ्याच खोप्यांच्या असत. आता नजर नुसती मादी हरवलेल्या खोप्यांवर. दुसऱ्या वर्षी भिजून भिजून छातीत कफ साठला आणि अंथरूण धरलं. मी बदलापूरला भेटायला गेलो. काकू चहा ठेवून गेल्या. सर भिंतीकडे बघत म्हणाले, "तुला एका आठवड्यात दिसलं. मला दोन वर्षांत नाही. माझ्या बसण्यातच काहीतरी चुकतंय, म्हात्रे. पक्षी माझ्यामुळे बिचकत असतील का?"

शेळीला बाही खाऊ देणारा माणूस मला हे विचारत होता!

मी सांगून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तिखटमीठ न लावता सांगितली. चार वाक्यांत संपली.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काकूंकडून वह्या मागवल्या आणि माझ्या अक्षरातल्या पानांवर एकेक आडवी रेघ मारायला लागले. सगळ्या पानांवर. मी म्हणालो, "सर, खोटी चारच पानं आहेत. बाकीचं खरं पाहिलंय, आईशप्पथ."

"असेल. पण चारच, हे तू सांगतोयस." रेघ मारून झाल्यावर म्हणाले, "चहा घे. गार होतोय."

माझी पानं गेली आणि त्यांच्यावर उभं असलेलं तीन वर्षांचं कामही. पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली: ते निरीक्षण मागे घेत आहोत, पडताळणी न करण्याची चूक सर्वस्वी लेखकाची. खाली सरांचं नाव. माझं कुठेच नाही. ते कात्रण मी कुणालाच दाखवलं नाही.

निवृत्तीनंतर ते मुलीकडे नागपूरला जाणार होते. त्याआधीच्या शेवटच्या पावसाळ्यात एका रविवारी मी न बोलावता विहिरीवर गेलो आणि थोडं अंतर ठेवून दगडावर बसलो. सर नुसतं "ये" म्हणाले. वही त्यांच्याच मांडीवर. दोन तास गेले. बारीक पाऊस सुरू झाला तशी त्यांनी छत्री उघडली आणि चष्मा काढून पुसायला घेतला. नेमका तेव्हा समोरच्या खोप्यावर पिवळ्या डोक्याचा नर आला. चोचीत हिरवा टोळ. डोकं आत घातलं, पिल्लांचा कालवा झाला, रिकाम्या चोचीने उडाला.

"सर!"

त्यांनी चष्मा लावला. खोपा नुसता झुलत होता. "काय?"

"नर. टोळ घेऊन आला. भरवून गेला."

सर खोप्याकडे बघत राहिले. आम्ही दुपारपर्यंत थांबलो. नर परत आला नाही. त्यांच्या हातातलं पेन उघडंच होतं.

"खरंच पाहिलं, सर."

"पाहिलं असशील," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, रागही नव्हता. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग पाऊस वाढला, तसे ते गोणपाटावर जरा सरकले आणि छत्री माझ्या डोक्यावर धरली.