मिशी, भोंगा आणि आमची सुमन

जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. कापसाचे तंतू कितीही झाडा, संध्याकाळी कोपऱ्यात पुन्हा ढीग! आमच्या सुमनच्या गोष्टी तशाच. एक सांगायला बसावं तर दोन नव्या आठवतात. हल्ली तीच हातवारे करून त्या आपल्या पोरांना सांगते आणि मला मध्ये तोंड घालू देत नाही. आता ती बाजारात गेलीय, तोवर सांगून घेते!

निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन थोडी वर्षं झाली होती. सेलूला जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड. आमचे हे जिनात फिटर आणि मी कापूस टाकणाऱ्या बायांत. सुमन झाली म्हणून सासूबाई जिंतूरकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. मामंजी मात्र शेत सोडून यायला तयार नव्हते.

\*

जिनाचा भोंगा वाजला की गल्लीतली झाडून सगळी लेकरं दचकून रडायची. आमची सुमन ढाराढूर! बाया कौतुकाने बघायला यायच्या.

"लय गुणाची पोर हाय गं तुजी!"

एकीने तर आपलं किरकिरं लेकरू सुमनशेजारी आणून निजवलं, म्हणे गुण लागेल! मी कॉलर नसतानाही कॉलर ताठ करून फिरायची. सासूबाई रोज दृष्ट काढायच्या.

भोंगा वाजवायचं काम इंजिनवरच्या करीमचाचांचं. एकदा मी सुमनला कडेवर घेऊन इंजिनाजवळ उभी असताना त्यांनी भोंगा ओढला. मीच दचकले. सुमन चाचांच्या दाढीकडे बघून हसत होती. चाचांनी पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

"बेटी," ते हळूच म्हणाले, "ये बच्ची भोंगा सुनतीच नै."

त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले. सासूबाईंनी मात्र दृष्ट काढणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "पोर हसायली ना? मंग दृष्ट लागंलच की!"

\*

सासूबाईंना चाचांचं म्हणणं पटलं नव्हतं. त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. सुमनला बाजेवर बसवलं, स्वतः तिच्या मागे त्याच बाजेवर गुडघे टेकून बसल्या आणि पितळी ताटावर लाटणं हाणलं. सुमन गर्रकन वळली!

"ऐकू येतंय! माज्या नातीला ऐकू येतंय!"

गल्लीभर साखर वाटली. चाचांनाही मुद्दाम बोलावून चिमूटभर दिली. चाचांनी साखर तोंडात टाकली आणि सासूबाईंना बाजेवरून खाली उतरून ताट वाजवायला सांगितलं. त्यांनी ताटाला पोचा पडेपर्यंत बडवलं. सुमन आपल्या पायाचा अंगठा चोखत राहिली. मघाशी ताटाबरोबर अख्खी बाज हादरत होती!

सासूबाईंनी लाटणं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "वाटलेली साखर काय वापस मागू व्हय आता?"

\*

कुणी म्हणालं मोठी झाली की बोलेल, कुणी म्हणालं नवस बोला. यांनी कुणाचंच न ऐकता आम्हाला घेऊन हैदराबादची गाडी धरली. तिथे अशा मुलांची शाळा होती. शाळेच्या बाई मराठी निघाल्या, तेव्हा माझा निम्मा जीव भांड्यात पडला.

बाईंनी घंटा, चिपळ्या वाजवून पाहिल्या आणि म्हणाल्या, "थांबू नका. आजपासूनच सुरुवात करा. तिच्या समोर बसायचं, आपल्या तोंडावर उजेड हवा, ओठ नीट दिसायला हवेत. आणि दिवसभर बोलत राहायचं."

हे लगेच म्हणाले, "उजेडाचं बघतो बाई. बोलायचं हिला सांगायची गरज न्हाई!"

पण पुढची अट ऐकून आम्ही सगळेच गार. "हातवारे अजिबात नकोत. हाताची सवय लागली की मूल तोंडाकडे बघत नाही. थोडी मोठी झाली की आणा. ओठांवरून समजत असेल तर शाळेत घेऊ, नाहीतर कठीण आहे."

हातवारे नकोत! जिनात यंत्रं सुरू झाली की शेजारणीचंसुद्धा ऐकू यायचं नाही. आमची गल्ली बोलायचीच हातांनी! पण शाळेत घेतलं नाही तर माझ्या पोरीचं पुढे काय? मी घरात फर्मान काढलं, सगळ्यांनी हात मांडीखाली दाबून बोलायचं.

पहिला दिवस सासूबाईंचा. हात मांडीखाली घातले आणि सुमनसमोर बसल्या. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी वैतागून हात बाहेर काढले.

"हात धरले की माजी वाचाच बसायली!"

मग त्यांनी दुसरं काम घेतलं. मी भाकरी थापताना सुमनशी बोलायची आणि सासूबाई अंगणातून आरशाने माझ्या तोंडावर ऊन पाडायच्या. डोळे दिपून माझ्या दोन भाकरी करपल्या, तर वर मलाच बोलणी!

\*

यांच्या मिशा अशा झुपकेदार, की वरचा ओठ लग्नापासून मीही पाहिलेला नव्हता. सुमनला तो कुठून दिसणार? ती त्यांच्या तोंडाकडे बघायचीच नाही. एका रविवारी हे न्हाव्याकडे गेले आणि मिशी सफाचट करून आले. सुमन त्यांच्या ओठांवर बोट फिरवत बसली. मला भरून आलं.

आता आपल्याकडे मिशी कधी काढतात? बाप गेल्यावर! हे दुसऱ्या दिवशी कामासाठी जिंतूरच्या बाजारात गेले, तिथे गावच्या कुणीतरी पाहिलं. झालं! त्याने गावात जाऊन बोंब ठोकली. इकडे गल्लीतल्या बाया सासूबाईंच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "मला न सांगता कसे जातील ते? चहासुदिक इचारल्याबिगर पेत न्हाईत!"

तिकडे गावची मंडळी रडत मामंजींच्या दारात पोचली. मामंजी ओसरीवर भाकरी खात बसले होते. सगळं नीट ऐकून घेतलं, वर कांदा फोडला आणि म्हणाले, "आरं, मला तर कुनी सांगितलंच न्हाई! बसा, भाकर खाऊन जा."

\*

आम्ही एवढे हात दाबून बसलो, पण सुमन शिकायची ते शिकलीच. रोज सकाळी मुकादम फाटकात उभा राहून रोजंदारीची माणसं निवडायचा. माणसाला वरून खालून न्याहाळायचा, तळव्याचे घट्टे तपासायचा. आपल्याच डोक्यावर तळहात ठेवला, की घेतलं. मनगट झटकलं, की आज घरी जा. सुमन माझ्या कडेवरून हे रोज बघायची.

मग काय! घरात मुकादमकी सुरू. कोंबडीला घेतलं, पाहुण्याला घरी पाठवलं. दूध द्यायला उशीर झाला तर आजीचा रोज बंद!

सासूबाई म्हणायच्या, "मला या वयात कामावरून काढायली गं ही!"

हसू यायचं आणि धास्तीही वाटायची. हैदराबादला हिने हाताने खूण केली तर?

\*

शेवटी तो दिवस आला. शाळेतल्या बाकावर हे बिनमिशीचे, मी आणि सासूबाई ओळीने बसलो, तिघांचेही हात मांडीखाली. बाई नुसत्या ओठांनी म्हणाल्या, "चेंडू दे." सुमनने दिला. "बाहुली कुठंय?" दाखवली. "आई कोण?" माझ्या मांडीवर येऊन आदळली. माझ्या डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं.

पण बाई हनुवटीला बोट लावून सुमनकडे बघत राहिल्या. सुमनही त्यांच्याकडे बघायला लागली. मग ती उठली. बाईंभोवती एक चक्कर मारली. वरून खालून न्याहाळलं. बाईंचा तळवा उलटून त्याला घट्टे आहेत का तेही पाहिलं. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा सुमनचा तळहात स्वतःच्या डोक्यावर होता.

"हे काय करतेय ती?" बाईंनी विचारलं.

यांनी खाली पाहिलं. मी हात मांडीखाली आणखीच दाबले. हात मांडीखाली दाबलेले असताना ज्यांना कधी शब्द फुटला नाही, त्या सासूबाईच तेवढ्या बोलल्या.

"बाई, तुमाला कामावर घेतलं तिनं. उद्याच्याला येळंवर या."

बाई उठल्या. दाराबाहेर डोकावून कुणी नाही ना ते पाहिलं, दार लोटून घेतलं. मग सुमनसमोर खाली बसल्या आणि आपल्या डोक्यावर तळहात ठेवला.