सुनीता वैनी सुईनं गेली न्हाई

आज मी खोटं बोलले. वैनीच्याच वर्षश्राद्धाच्या पंगतीत.

मला चार माणसांत बोलता येत न्हाई. आठवीत शाळा सुटली, तवापासून तर लईच. म्हणून इथं मोबाईलवर लिहिते. चुकलं तर हसू नका.

सुनीता वैनी म्हंजी माझ्या भावाची बायको. किडनीच्या आजारानं गेली.
पण आमच्या वस्तीवर सगळे म्हणतात, सुईनं गेली.

सुई म्हंजी बायोप्सी.

तिच्या पायाला सूज आलती. लघवीला फेस यायचा. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात गेलतो. भाऊ औषधाच्या लाइनीत, म्हणून वैनीजवळ आत मीच.

तिला पालथं झोपवलं. पाठीत भूल दिली. सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली.
मी तिच्या खाटेची कड गच्च धरली.
वैनी पालथी पडूनच म्हणती, "कोमल, खाली बस गं. न्हाईतर ह्यांना अजून एक खाट लागंल."

तुकडा निघाला तो शेवईच्या तुकड्याएवढा. बस.

दुसऱ्या दिवशी चालत एसटीत बसली. मला खिडकी पण दिली न्हाई.

रिपोर्टला परत गेलो. डॉक्टर मॅडमनी कॉम्प्युटरवर फोटो दाखवला. गुलाबी, त्यात गोल गोल जाळ्या.
"रक्त गाळायच्या चाळण्या आहेत या. या वाळून गेल्यात, परत येणार नाहीत. पण या नुसत्या सुजल्यात. या वाचवता येतील."

वैनीनं सुजलेल्या जाळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "मॅडम, मग माझं कसं व्हईल?"

"गोळ्या घेतल्या, जपलं, तर किडनी बरीच वर्षं साथ देईल. दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, उन्हात पाण्याशिवाय राबलात, तर लवकर डायलिसिस. मग माझ्या हातात फार राहणार नाही."

म्हंजी दोन्ही रस्ते आधीच सांगितलेले.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. घरात बोलता येतं मला.
माय एवढंच म्हणाली, "मग कोयत्याचं काय?"

ऊसतोडीला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हंजी अर्धा कोयता, अन् अर्धा मुकादम घेत न्हाई.

दिवाळी झाली. वैनी फडात गेली. आमी सगळेच गेलतो.

कंबर धरली की मुकादमाच्या डब्यातली गोळी. ती कसली गोळी हाय ते मला माहीत होतं. तिला पण माहीत होतं.
एकदा म्हणाले, "वैनी, नको ना."
"मग माझी मोळी तू उचलती का?" म्हणाली, अन् हसली.

मी उचलते म्हणाले न्हाई.

कारखाना बंद व्हायच्या आधीच डायलिसिस लागलं. पाऊस लागायच्या आधी ती गेली.

माती देऊन आलो तवाच मायनं चालू केलं, "सुई घातली अन् पोरगी खचली." सगळ्यांनी तेच धरलं.
कावून, ते मला कळतं. सुईनं गेली म्हणलं की आमच्याकडं कुणी बघत न्हाई.
मी पण त्याच्याच आड बसले.

आज पंगतीत गण्यादादाचे पाय दिसले. माझा चुलत भाऊ. चपल काढलेली, तरी पट्ट्याचा खोल वळ सुजलेल्या पायावर.
बीडच्या डॉक्टरनी त्याला बायोप्सी सांगितली हाय.

काकू वाढता वाढता म्हणाली, "माझ्या लेकराचा तुकडा काढू देनार न्हाई. सुनीताचं काय झालं, बघितलं न्हाई व्हय?"

मामा म्हणाले, "किडनी काय टरबूज हाय का बे, फोड काढून बघायला?"
सगळे हसले.

दादा हसला न्हाई. त्यानं मला विचारलं, "कोमे, तू होतीस ना आत? खरंच सुईनं झालं का गं?"

सगळे माझ्याकडं बघायले. माय पण. तिच्या हातात वरणाची बादली तशीच.

मी म्हणाले, "मला काय माहीत."

अन् खीर वाढत पुढं गेले.

मागं दादा काकूला हळूच म्हणाला, "जाऊ दे मग. न्हाई करत."

पंगत उठली अन् मी वर गच्चीवर येऊन हे लिहायला बसले.

दादा, मला माहीत हाय. मी आत होते. सुईनं वैनीला काहीच झालं न्हाई. जे झालं ते आमच्यापायी झालं, सगळं माहीत असून.

तुझ्या चाळण्या वाळल्यात का नुसत्या सुजल्यात, ते बायोप्सी केल्याबिगर तुला कुणी सांगू शकत न्हाई. काकू वरडली तर माझं नाव घे. म्हणशील तवा मी येते सोबत.

मायला वाचता येत न्हाई. मी हे आता खाली जाऊन तिला वाचून दाखवनार हाय. ती मारंल, न्हाईतर रडंल.

वैनी, फोटोला आज सगळ्यांनी हार घातला. माझ्याच्यानं वर बघवलं न्हाई.
माझी श्रद्धांजली एवढीच, उशिरा.