बाईचं अक्षर

मी लेखक नाही. असलं काही लिहायला बसावं एवढी माझी पात्रताही नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नाही. वडील अजून सही करताना जीभ दातांत धरतात. तेव्हा वाक्यं अडखळली तर समजून घ्या. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही — आईलाही नाही, आणि चार वर्षं ज्याच्या डब्यात हात घातला त्या मित्रालाही नाही.

आणखी एक सांगून ठेवतो. मला अजून राग येतो. हे लिहिताना डोळ्यांत पाणी वगैरे यायला हवं, नाही का? पण आधी येतो तो रागच. कुणाचा, ते पुढे कळेल.

बारावीनंतर मी सिन्नरजवळच्या आमच्या गावाहून नाशिकला आलो आणि गंगापूर रोडच्या मागे, एका मळ्याच्या बांधाला काढलेल्या सहा खोल्यांपैकी चौथी भाड्याने घेतली. सहा खोल्या, एक ओटा, एक नळ, कपडे वाळत घालायला एकच तार. इथे अभ्यास कसा करायचा, सांगा? सकाळी नळाला नंबर लावून बादली ठेवावी आणि दात घासून यावं, तर बादली तीन घरं मागे गेलेली. तिसऱ्या खोलीतला कुकर वरणासाठी सात शिट्ट्या घ्यायचा — मी मोजायचो, पाचव्या शिट्टीनंतर माझ्या डोक्याची शीर उडायला लागायची. दुसऱ्या खोलीतले आजोबा माझा पेपर माझ्याआधी वाचायचे आणि राशिभविष्याचा तुकडा कात्रीने कापून घ्यायचे. साबण नळावर विसरला की पापुद्रा होऊन परत यायचा. क्षुल्लक आहे सगळं, मला कळतं. पण क्षुल्लक गोष्टीवर ओरडता येत नाही, म्हणून तर ती आत साचत जाते.

आणि या सगळ्यावर सुमनमावशींचं मशीन.

सहाव्या खोलीत सुमनमावशी मिरची कांडपाचं मशीन चालवायच्या. मूळच्या सटाण्याच्या. नवरा गेल्यावर त्यांनी ते मशीन घेतलं होतं. होळी झाली की बायका मिरच्या आणि भाजलेला मसाला घेऊन ओट्यावर बसायच्या, आणि दोन लोखंडी मुसळं दिवसभर वर-खाली व्हायची. धप्प, धप्प, धप्प. दोन-अडीच महिन्यांच्या त्या कामावर मावशींचं वर्ष निघायचं. आणि नेमक्या त्याच महिन्यांत माझी परीक्षा. मिरचीची पूड दाराच्या फटीतून यायची, वहीवर बसायची. दुधावर तांबूस साय धरायची. मी शिंकत शिंकत इतिहास पाठ केला आहे.

वाईट म्हणजे मावशी माझ्यावर माया करायच्या. ठेचा पाठवायच्या. म्हणायच्या, आमच्या लायनीत एक तरी शिकतोय. सगळ्यांचे अर्ज मीच लिहायचो — रेशनचे, गॅसचे, शाळेचे. मावशींना अक्षर येत नव्हतं, पाचव्या खोलीतल्या मंदावहिनी सातवी शिकलेल्या होत्या, पण सरकारी कागद म्हटला की त्याही माझ्याकडेच यायच्या. मावशींचा अर्ज लिहितानाच मला कळलं की मशीन घरगुती मीटरवर चालतं. धंद्याच्या जोडणीसाठी अर्ज केलेला होता, तो वीज ऑफिसात पडून होता. मावशी म्हणाल्या, हे बोलू नको हं कुठं, तुला नि मंदालाच माहीत हाय. माणूस एवढा विश्वास टाकतो तेव्हा आपल्याला बरं वाटायला हवं ना? मला त्याचाही राग यायचा. ज्याच्यावर चिडायचं तोच माया करतो म्हटल्यावर चिडायचं कसं?

मंदावहिनींबद्दल सांगायला हवं. नवरा एसटीत ड्रायव्हर, मुलगी उज्ज्वला तेव्हा दहावीला. ती मुलगी मावशींच्या मांडीवर वाढलेली. वहिनी आणि मावशी रोज भांडायच्या, तेही तारेवरच्या धुण्यावरून. वहिनी म्हणायच्या, सुमन, तुझ्या मिरचीनं माझी पांढरी साडी लाल झाली, आता मला परत नवरीसारखं मिरवावं लागणार. मावशी मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायच्या, मिरव की, ड्रायव्हरसाहेब हॉर्न वाजवतील. नवख्या माणसाला वाटावं, आता झिंज्या उपटतात. संध्याकाळी दोघी एका ताटात जेवायच्या. हे भांडण खोटं आहे हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

माझ्याकडे एकच पांढरा शर्ट होता. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी तो धुऊन मी तारेवर टाकला. आणला तेव्हा खांद्यांवर विटकरी झाक. झटकून घातला. आत तीन सर बसलेले, घामाने ती पूड मानेला झोंबायला लागली, डोळे वाहायला लागले. एक सर म्हणाले, अरे, रडू नकोस, साधाच प्रश्न आहे. बाहेर वर्गातली मुलं उभी होती. एकाने हुंगल्यासारखं केलं आणि विचारलं, काय रे, मिसळीच्या गाडीवर लागलास का? सगळे हसले. मीही हसलो. शिष्यवृत्ती मिळाली नाही. ती शर्टामुळे गेली की उत्तरं आली नाहीत म्हणून — आज विचाराल तर, उत्तरं आली नाहीत. पण त्या दिवशी मला शर्टच हवा होता.

घरी आलो, तर धप्प, धप्प.

मी ओट्यावर जाऊन मावशींना दोन शब्द बोलू शकलो असतो. त्यांनी मशीन बंद करून ऐकून घेतलं असतं, मला नक्की माहीत आहे. मी खोलीचं दार लावलं आणि वीज ऑफिसच्या नावाने अर्ज लिहिला. अक्षर डावीकडे झुकवलं, वेलांट्या गोल काढल्या, कारण माझं अक्षर आमच्या लायनीत सगळे ओळखत होते. घरगुती मीटरचं लिहिलं. आणि लिहिलं की माझं रोजचं धुणं खराब होतं, मुलीच्या दहावीच्या अभ्यासाला त्रास होतो. खाली लिहिलं — एक त्रासलेली गृहिणी. नाव नाही. नावाची गरजच ठेवली नव्हती.

तुम्हाला वाटेल, हाच तो अपराध. मलाही बरेच दिवस असंच वाटत होतं, कारण अर्ज रागात लिहिला होता आणि रागाला लोक माफ करतात. पण जे खरं केलं ते आठ-दहा दिवसांनी केलं, अगदी थंड डोक्याने.

दुपारी ऑफिसची माणसं आली आणि वायर तोडून गेली. मावशींनी फार विनवलं, तेव्हा त्यांच्यातल्या एकाने अर्जाची नक्कल त्यांच्या हातात दिली — आमचा काय दोष, बाई, ही बघा तक्रार. मावशी तो कागद घेऊन सरळ माझ्या दारात आल्या. दुसऱ्या कुणाकडे जाणार? मागे ओट्यावर पाच-सहा बायका, मिरच्यांच्या पिशव्या घेऊन तशाच उभ्या. वहिनी नव्हत्या, भाजीला गेल्या होत्या.

मी माझा अर्ज मावशींना वाचून दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत. आवाज जराही कापला नाही. धुण्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं. दहावीचं आलं तेव्हा दाराची चौकट धरली.

मग म्हणाल्या, "तुला अक्षरातलं कळतं. कोणाचं हाय रे हे?"

आता बघा — इथे मी काहीही म्हणू शकलो असतो. माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी कागद उजेडाकडे धरला, नीट बघितल्यासारखं केलं.

"बाईचं अक्षर दिसतंय," मी म्हणालो.

तीन शब्द. हा माझा अपराध.

वहिनी भाजी घेऊन आल्या तेव्हा मावशी त्यांच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. वहिनींनी पायापासून डोक्यापर्यंत सगळ्या शपथा घेतल्या. शेवटी उज्ज्वलाच्या डोक्यावर हात ठेवला. तर ओट्यावरच्या बायका म्हणाल्या, पोटच्या पोरीची शपथ घेते, केवढी खोटी असेल. मी आत पुस्तक उघडून बसलो होतो. सगळं ऐकू येत होतं, कारण मशीन बंद होतं. उज्ज्वला बाहेर रडत होती आणि मी, सांगायला लाज वाटते, पान उलटलं.

त्या वर्षी मला फर्स्ट क्लास मिळाला.

ऐन मोसमात वीज गेली, गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. पावसाळ्याआधी मावशींनी मशीन विकलं आणि सटाण्याला भावाकडे गेल्या. तिथे कांद्याच्या खळ्यावर बसून कांदे निवडतात असं कळलं. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, पाचव्या खोलीचा सोडून. मला डबाभर मसाला दिला आणि पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, खरं बोलणारा तू एकटा निघालास. मी तो मसाला वर्षभर खाल्ला. टाकून दिला असता तर निदान काही तरी केलं असं म्हणता आलं असतं.

राग कुणाचा येतो, ते आता कळलं असेल. पण खोटं कशाला बोलू — अजूनही कुठे कांडपाचा आवाज आला की आधी त्या आवाजाचाच येतो. चार वर्षांत सटाण्याची एसटी डोळ्यांसमोरून किती वेळा गेली असेल. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आलो, शंभर अर्ज लिहिले लोकांचे. एक पत्र लिहिता आलं नाही.

गेल्या आठवड्यात उज्ज्वला भेटली, बसस्टँडवर. लग्न ठरलंय. हातात पत्रिकांचा गठ्ठा होता. दादा, तुम्हाला यावंच लागेल, म्हणाली, आणि माझं नाव पत्रिकेवर घालायला माझंच पेन मागून घेतलं. मग स्वतःहूनच सांगायला लागली. आई मागच्या रविवारी सटाण्याला जाऊन आली. मावशींशिवाय लग्न नाही म्हणत होती. मावशी दारातच उभ्या राहिल्या, पत्रिकेला हात लावेनात. आईने पुन्हा शपथ घेतली, तरी नाही. तासभर नुसत्या उभ्या, दोघीही.

"मग आई म्हणाली, सुमन, मीच केला होता तो अर्ज. चुकले. पदरात घे." उज्ज्वला हसली, पण डोळे भरले होते. "आईने कुठला अर्ज केलाय, दादा? पण त्याशिवाय मावशी आत घेईनात."

मी विचारलं, मग मावशी काय म्हणाल्या.

"पत्रिका घेतली. म्हणाल्या, चार वर्षं एवढंच ऐकायचं होतं गं मला."