बास्सूची नजर

वाळवंटाकाठच्या ताझारीन गावाच्या पंचक्रोशीत आकाशातून पडलेला दगड ओळखावा तो बास्सूनं. तीस वर्षं काठीच्या टोकाला लोहचुंबक बांधून त्यानं तिथला माळ तुडवला होता. आकाशातले साधे दगड त्याला खूप मिळाले, पण अर्धा दगड आणि अर्धं लोखंड असा दुर्मिळ, मोलाचा एकही नाही. आणि तो मिळाला कुणाला, तर शेजारच्या तुदाला, शेळ्या हाकताना.

"दादा, बघा बरं," म्हणत तिनं मुठीएवढा काळा दगड ओट्यावर ठेवला. काठीचं चुंबक टक्‌कन चिकटलं. बास्सूनं एक कोपरा कानशीनं घासला. आत चकाकतं लोखंड होतं आणि त्यात रुतलेले हिरवट-पिवळे मणी. त्यानं कानस खाली ठेवली. ही कालची पोर, दगड बघायला त्याच्याच अंगणात शिकलेली.

"लोहाराच्या भट्टीतला गाळ आहे," तो म्हणाला.

"गाळाला भोकं असतात असं तुम्हीच सांगता. याला एक नाही."

"मग मला कशाला विचारतेस?"

तुदा वरमली. "तुम्ही म्हणता तर गाळच. राहू दे इथं, वहिनींना खजुराच्या बिया कुटायला होईल."

असा दगड घरात आला, पण बास्सूला तो विकता येईना की कुणाला दाखवता येईना. त्याची बायको इत्तो रोज त्या दगडानं शेळ्यांसाठी बिया कुटायची, आणि प्रत्येक घाव बास्सूच्या काळजावर बसायचा. चौथ्या दिवशी तिनं दगड उन्हात धरला.

"बास्सू, गाळात असले मधासारखे मणी असतात?"

बास्सूनं काठीचं चुंबक पुसायला घेतलं. मग तीच म्हणाली,

"तुदाला ओढ्यात आणखी सात तुकडे सापडलेत. दादा गाळ म्हणाले, म्हणून शेळ्यांच्या कुंपणात चिणायला घेतलेत तिनं."

बास्सू दगड घेऊन उठला आणि तुदाच्या कुंपणापाशी गेला. तुदाचे हात चिखलानं भरले होते.

"थांब. माझी नजर चुकली. खरा आहे." खोटं बोललो, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

"होतं दादा, वय झालं की," ती मायेनं म्हणाली. तिची ती कीव त्याला जास्त झोंबली. आणि दादांना हल्ली नीट दिसत नाही, हे तिनं त्याच मायेनं गावभर सांगितलं.

आता लांबलांबची माणसं दगड घेऊन बास्सूच्या दारावरून जातात. "आजोबा, तुदाचं घर कुठलं?" तो काठीनं दाखवतो. पिशवीनं खांदा किती कलला आहे, एवढ्यावरून त्याला आत काय आहे ते कळतं. पण त्याला कुणी विचारत नाही.