एका दमात मारलेलं वेल्डिंग

द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत लेथ चालवणाऱ्या ताईंनी मला त्या दिवशी सांभाळून घेतलं. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझं वागणं काही चांगलं नव्हतं.

काम एका जीपचं होतं. तिच्या मागच्या दारासमोर लोखंडी चौकटीवर स्टेपनी असते. दार उघडायचं तर आधी ती चौकट फाटकासारखी बाजूला फिरवायची. बिजागरीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश झिजल्यामुळे चौकट लोंबायची, बंद करताना गुडघा लावून उचलावी लागायची. गिऱ्हाईक म्हणालं, "बुश नको आता, टेपर बेअरिंग टाका." पाच वाजता गाडी न्यायची, मग बायकापोरांना घेऊन सापुताऱ्याचा घाट.

आमच्या गॅरेजच्या मिस्त्रींनी पहिल्यांदाच अख्खं काम माझ्यावर सोडलं. मी गडचिरोलीकडचा, शाळा आठवीत सुटलेली. "जमेल ना?" विचारल्यावर 'नाही' म्हणायला मला अजूनही भीती वाटते. परत गावी धाडतील, असंच वाटतं.

ताईंनी बिजागरीच्या जाड नळीला आतून कातून बोअर मारून दिला. बेअरिंगचा कप, म्हणजे बाहेरची कडी, हलक्या ठोक्यानं बसावा, इतका नेमका. मी नळी चौकटीला वेल्ड केली. गार झाल्यावर नळीच्या खालच्या तोंडात कप बसला, वरच्या तोंडात बसेना. दोन ठोके मारले, तर तिरका अडकला. कसाबसा खालून सळई घालून काढला. तीन वाजून गेलेले. मिस्त्री सामान आणायला बाहेर. मी ताईंना फोन लावला आणि म्हणालो, "ताई, तुमचा बोअर लहान झालाय."

दहा मिनिटांत त्या हजर. हाताला तेल तसंच. नळीत माप घ्यायचा कॅलिपर घातला, एकदा उभा, एकदा आडवा.

"इकडून बरोबर, इकडून कमी. नळीचं अंडं केलंस की रे! वेल्डिंग एका दमात मारलं ना?"

मी वेल्डच्या सलग रेघेवरून बोट फिरवलं.

"थोडं मारायचं, गार होऊ द्यायचं, मग समोरच्या बाजूला मारायचं. एका अंगानं तापवल्यावर नळी गोल राहील व्हय?"

माझा हात हातोड्याकडे गेला. मोठा ठोका दिला तर कप आत जाईल, हे मला कळत होतं.

"ठेव तो. जाईल आत, पण आतल्या आत चिरेल. मग घाटात ते चाक कुणाच्या अंगावर जाईल, सांग बरं."

त्यांनी कपाला बाहेरून निळा रंग लावला, नळीत दाबून फिरवला आणि काढला. नळीत जिथं निळं उमटलं, तेवढंच खरवडायचं. खरवडणी माझ्या हातात दिली. "जास्त काढलंस तर कप ढिला. मग नळी फेकायची."

खरवड, पूस, रंग लाव, बघ. साडेचार वाजले. तेवढ्यात मिस्त्री दारात. "ताई, तुम्ही इथं?"

"काय नाय. फिटिंग बघायला आले."

त्यांनी झाकलं, आणि तेच मला सोसेना. "मिस्त्री, वेल्डिंग मी एका दमात मारलं. नळी आवळली. वर ताईंचा बोअर चुकला म्हणालो."

मिस्त्रींनी नळीत बोट फिरवून बघितलं. मला वाटलं, झालं, पिशवी भरायची.

"मग थांबलास कशाला? खरवड."

पावणेसहाला कप बसला. गिऱ्हाईक तोवर घड्याळ बघत ताटकळलेलं. पिन घातली, ग्रीस भरलं, स्टेपनी चढवली. चौकट एका बोटानं फिरली आणि सोडली तिथंच उभी राहिली. गिऱ्हाईक तिला लोंबकळून बघून गेलं. मी मागे वळलो, तर ताई केव्हाच निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, "चहा घे आणि कामाला लाग." त्यांच्या लेथचा बेड, म्हणजे ज्यावर हत्यार सरकतं तो लोखंडी पाट, नग पकडणाऱ्या चकापाशी झिजलाय, लांब नगावर माप हलतं, म्हणून तसली कामं त्या परत पाठवतात. तो बेड खरवडायला अजून माझा हात तयार नाही. रोज भंगारातल्या पट्टीवर घासतोय. एक दिवस तो बेड मी सरळ करून देईन, ताई. थोडं थोडं, थांबत.