नर्सबाईंची हरकत

नर्सबाईंनी उभा जन्म “हरकत नाही” म्हणत काढला. जादा पाळ्या असोत की नणंदेचे टोमणे. सोसायटीच्या सभेत मात्र ती सवय अंगाशी आली.

सोसायटीमागच्या तळ्याकडे जाणारा सिमेंटचा उतार तोडून बोटी ठेवायला जागा करायची होती, पण एकाचीही हरकत नसली तरच. लकवा झालेल्या नवऱ्याची चाकाची खुर्ची बाई त्याच उतारावरून रोज नेत.

“कुणाची हरकत?” अध्यक्षांनी विचारलं. तेवढ्यात शेजारणीचं कोपर बाईंना लागलं.

“सॉरी हं!”

“हरकत नाही,” बाई बोलून गेल्या.

“ऐकलंत? मंजूर!” अध्यक्षांनी टेबल वाजवलं.

बाई ताडकन उठल्या. “अहो, ते हिच्या कोपराला! उतार तोडायला माझी हरकत आहे. आहे म्हणजे आहे!”

ठराव बारगळला. तरी पुन्हा कुणी विचारेल म्हणून बाई उभ्याच राहिल्या.